हॉपची वेल आणि मैलापूरचा दिवस

बिअरला कडवटपणा, सुवास आणि टिकाऊपणा देणारी हॉपची वेल घरच्या घरी वाढवता येईल काय, तिचा बहर आपल्या हातांनी खुडता येईल काय, आणि खुडल्यावर त्याचा विनियोग कोणता करावा, हा प्रश्न इंग्लंडात, जर्मनीत किंवा अमेरिकेच्या ओरेगन राज्यात राहणाऱ्या हौशी गृहस्थाला फारसा जड जात नाही. परसात एक उंच खांब रोवून, त्यावरून दोरी सोडून, वसंताच्या आरंभी मुळाचा तुकडा पुरला, की एक-दोन वर्षांत भाद्रपदाच्या सुमारास त्याच्या हाती टोपलीभर माल येऊ लागतो. हाच प्रश्न मद्रासच्या मैलापुरात, म्हणजे कपालीश्वराच्या गोपुराच्या सावलीत आणि सांथोमच्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर कोणी विचारला, तर ऐकणारा बहुधा क्षणाचाही विलंब न लावता सांगतो की इथले ऊन त्या वेलीला सोसणार नाही. उन्हाचा भाग खरा आहे, पण तो दुय्यम आहे. मुख्य अडचण मैलापूरच्या दिवसाच्या लांबीची आहे, आणि ही गोष्ट एकदा नीट ध्यानात आली म्हणजे हॉपच्या बाबतीत हिंदुस्थानात आजवर झालेले प्रयत्न, त्यांतले यश आणि त्यांतले अपयश, हे सारे एका सूत्रात ओवता येते.

हॉप ही वनस्पती भांग-गांज्याच्या कुळातली. शास्त्रीय नाव ह्युमुलस लुप्युलस. जमिनीखालचे तिचे मूळकांड वर्षानुवर्षे जिवंत राहते, वरची वेल मात्र थंड मुलखात दर हिवाळ्यात वाळून जाते आणि वसंतात नव्या कोंबांनी पुन्हा उठते. हे कोंब आधाराभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वेटोळे घेत इतक्या झपाट्याने चढतात, की मळ्यातील सहा-साडेसहा मीटर उंचीच्या तारांपर्यंत ते काही आठवड्यांत पोहोचतात. द्राक्षवेलीप्रमाणे तिला तणावे नसतात. देठावर आणि पानांच्या शिरांवर आकड्यांच्या आकाराचे राठ केस असतात, आणि सारी पकड त्यांची. उघड्या हाताने वेल सारखी करू गेले तर मनगटापासून कोपरापर्यंत बारीक ओरखडे उठतात आणि घाम लागला की ते बराच वेळ चुणचुणत राहतात, म्हणून मळ्यांतील मजूर भर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे कपडे घालून काम करतात. नर वेल निराळी आणि मादी वेल निराळी. उपयोगाची ती मादी, कारण शंकूच्या आकाराचा फुलोरा तिलाच येतो. नर जवळ असला की शंकूत बी धरते आणि मालाची प्रत उतरते, म्हणून बहुतेक मळ्यांत नर वेलीला थारा देत नाहीत.

पिकलेला शंकू अंगठ्याच्या पेराएवढा, फिकट हिरवा आणि कागदी पापुद्र्यांचा असतो. तो नखाने मधोमध उभा चिरला म्हणजे पापुद्र्यांच्या बुडाशी, आतल्या बारीक दांड्याला लगटून, हळदीसारखी पिवळीधमक भुकटी दिसते; हिलाच लुप्युलिन म्हणतात, आणि हॉपची सारी किंमत या भुकटीची आहे. बोटांना ती चिकटते. चिमटीत चोळली की राळ, लिंबाची साल आणि ओले गवत यांचा मिश्र, थोडासा उग्र वास सुटतो, आणि जिभेवर ठेवली तर कडवटपणा बराच वेळ हटत नाही. तिच्यात ह्युमुलोन वर्गातील आम्ले असतात, त्यांना व्यवहारात अल्फा आम्ले म्हणतात. जवाच्या गोड अर्कात तासभर उकळल्यावर त्यांची अंतर्रचना बदलते आणि मगच ती द्रवात उतरतात. बोहेमियातील साझ जातीत या आम्लांचे प्रमाण शेकडा ३ ते ५ असते, तर अमेरिकेच्या कोलंबस जातीत ते शेकडा १४ च्याही वर जाते. सुवास देणारी तेले निराळी. ती उडून जाणारी असल्यामुळे सुवासासाठीचा हॉप उकळीच्या अखेरीस, किंवा बिअर निवाल्यानंतर घालतात.

या आम्लांचे काम कडवटपणापाशी संपत नाही. दुधाचे दही करणाऱ्या जिवाणूंच्या जातकुळीतले जे जंतू बिअर आंबवून टाकतात, त्यांच्या वाढीला ती आळा घालतात. हा गुण मध्ययुगातील मठवासीयांच्या अनुभवाला आला होता. फ्रान्समधील कॉर्बीच्या मठाधिपतीने ८२२ साली घालून दिलेल्या नियमांत हॉपचा उल्लेख येतो, बाराव्या शतकात हिल्डेगार्ड या जर्मन साध्वीने हॉपमुळे पेये टिकतात असे नोंदवून ठेवले, आणि १५१६ साली बव्हेरियाच्या राजसत्तेने तर बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांखेरीज काही घालू नये असा हुकूमच काढला. याच टिकाऊपणामुळे मद्रासचे नाव हॉपच्या इतिहासात शिरले. लंडनजवळ बो येथे बिअरचा कारखाना चालवणारा जॉर्ज हॉजसन हा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरील कप्तानांना लांब मुदतीच्या उधारीवर माल देई. तो माल आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार-सहा महिन्यांनी मद्रासच्या आणि कलकत्त्याच्या किनाऱ्याला लागे, आणि हॉप भरपूर घातलेला असल्यामुळे बहुधा पिण्याजोगा राही. पुढे बर्टनच्या कारखानदारांनी हा व्यापार बळकावला आणि त्या बिअरला ‘इंडिया पेल एल’ हे नाव पडले. ती हिंदुस्थानसाठी मुद्दाम शोधून काढली ही केवळ दंतकथा आहे, कारण जोमदार हॉपची बिअर इंग्लंडात आधीपासून होतीच. पण तिची खरी कसोटी या किनाऱ्यावर लागली, एवढे मात्र निर्विवाद.

पिंपात विरघळून आलेला हॉप निराळा आणि मातीत रुजलेला निराळा. पीक म्हणून तो हिंदुस्थानात रुजला तो उत्तरेस. पहाडी मुलखातील बिअर कारखान्यांना विलायतेहून आणलेला हॉप महाग पडे आणि वाटेत शिळा होई. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काश्मीर दरबाराने सोपोरच्या खालच्या अंगास दुबगाम येथे हॉपचा सरकारी मळा घातला, आणि काश्मीरच्या जमाबंदीचे काम पाहिलेले वॉल्टर लॉरेन्स यांनी १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली. स्वातंत्र्यानंतर, १९७० च्या दशकात, हिमाचल प्रदेशाच्या लाहौलमध्ये चंद्रभागेच्या काठच्या पट्टण खोऱ्यात हॉपची लागवड सुरू झाली आणि काही काळ ती चांगली चाललीही. परंतु ज्या पिकाचे गिऱ्हाईक म्हणजे मोजके बिअर कारखाने, त्या पिकाचा शेतकरी त्यांच्या मर्जीचा बंदा असतो. परदेशी माल स्वस्तात मिळू लागला की त्याला दाद मागायला जागा उरत नाही. वाटाणा, बटाटा आणि फुलकोबी रोख पैसा देऊ लागल्यावर लाहौलच्या शेतकऱ्यांनी हॉपकडे पाठ फिरवली यात त्यांचा दोष काडीचाही नाही. २०२० साली अटल बोगदा खुला झाल्यापासून ते खोरे हिवाळ्यातही उरलेल्या देशाशी जोडलेले राहते, आणि २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाल्यापासून देशात लहान बिअर कारखान्यांची एक नवी पिढीही उभी राहिली आहे. हे दोन्ही बदल लाहौलच्या हॉपला पुन्हा ऊर्जितावस्था आणण्यास पुरेसे ठरावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण आजही या देशात लागणारा बहुतेक हॉप बाहेरूनच येतो.

येथेच एका वदंतेचा परामर्श घेणे भाग आहे. बिहारमधील एका शेतकऱ्याने हॉपचे कोवळे कोंब पिकवले असून ते किलोला एक लाख रुपये भावाने विकले जातात, अशी वार्ता २०२१ साली वाऱ्यासारखी पसरली. वृत्तपत्रांचे प्रतिनिधी प्रत्यक्ष शेतावर जाऊन पाहतात तो तेथे हॉपचा मागमूस नव्हता. बेल्जियममध्ये हॉपचे कोंब भाजी म्हणून आवडीने खातात आणि हंगामाच्या आरंभी त्यांना भारी किंमत येते, एवढ्या खऱ्या गोष्टीवर ही सारी इमारत उभारलेली होती. हॉपच्या लागवडीने रातोरात श्रीमंत होण्याचे मनसुबे ज्यांनी तेव्हा रचले, त्यांना त्या वेलीची प्रकृती कोणी आधी समजावून सांगितली असती तर बरे झाले असते.

ही प्रकृती समजून घेण्यासाठी मैलापुराहून थोडे वायव्येस, कॅथीड्रल रस्त्यावर जावे. तेथे १८३५ साली स्थापन झालेल्या मद्रासच्या कृषि-उद्यान संस्थेची जुनी बाग होती; वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. तो काळ वनस्पतींच्या देशांतराचा होता. एखादे झाड मूळ ठिकाणी जेवढ्या उष्णतेत आणि जेवढ्या पावसात वाढते, तेवढीच उष्णता आणि तेवढाच पाऊस मिळणारी जागा साम्राज्यात कोठे आहे हे शोधून तेथे ते लावायचे, ही त्या काळची रीत. आणि या रीतीने सिंकोना अँडीज पर्वतातून नीलगिरीवर आला, युकॅलिप्टस ऑस्ट्रेलियातून आला, चहाचे मळे डोंगरउतारांवर पसरले. आता नीलगिरीचाच विचार करू. उटीची हवा थंड, पाऊस पुरेसा, माती सुपीक, आणि बिअरचे गिऱ्हाईक तर दारातच. १८५७ पासून तेथे कॅसल ब्रुअरी होती, आणि १९१५ साली टॉमस लीशमन यांनी ज्या पाच कारखान्यांच्या एकीकरणातून युनायटेड ब्रुअरीज उभी केली त्यांत नीलगिरीवरचे कारखाने होते. असे असूनही हॉप हे नीलगिरीचे पीक झाले नाही. उष्णता हाच जर खरा अडथळा असता, तर उटी ही दक्षिणेची हॉपची राजधानी व्हावयास हवी होती.

ती का झाली नाही याचे, माझ्या मते, मुख्य उत्तर पॅरिसमध्ये ज्युलियन तूर्न्वा नावाच्या एका तरुण संशोधकाच्या हाती लागले, आणि ते लागले ते खुद्द हॉपच्याच अभ्यासातून. तूर्न्वा हॉपच्या आणि भांगेच्या लिंगभेदाचा अभ्यास करीत होता. हिवाळ्यात काचघरात उगवलेली रोपे वेळेच्या कितीतरी आधी, अगदी खुजी असतानाच फुलतात असे त्याला आढळले, आणि तापमान, ओलावा इत्यादी कारणे एकेक करून बाजूस सारल्यावर १९१४ पर्यंत तो या निष्कर्षाला आला, की दिवसाचे आखूडपण हेच या अकाली फुलण्याचे कारण असावे. पुढील शोध त्याच्या हातून व्हावयाचा नव्हता. पहिल्या महायुद्धात तो मारला गेला. १९२० साली अमेरिकेच्या शेतकी खात्यातील गार्नर आणि अलार्ड यांनी तंबाखूवरील प्रयोगांनी हेच तत्त्व सर्वमान्य केले आणि दिवस-रात्रीच्या लांबीला मिळणाऱ्या वनस्पतींच्या प्रतिसादाला शास्त्रात कायमची जागा मिळाली. म्हणजे काश्मीर दरबाराने मळा घातला, उटीला बिअर कारखाने चालू झाले, मद्रासेत बागा उभ्या राहिल्या, त्या सबंध काळात झाडाला दिवस मोजता येतो हे कोणाला ठाऊकच नव्हते. त्या काळच्या माळ्यांना अपयशाबद्दल बोल लावणे अन्यायाचे होईल.

हॉपपुरता हा नियम अधिक काटेकोरपणे मांडला तो इंग्लंडातील वाय कॉलेजच्या टॉमस आणि श्वाबे यांनी, १९६९ साली. वेलीला ठराविक संख्येची पेरे येईपर्यंत तिचे बालपण असते. त्या अवस्थेत दिवस कितीही लहान असला तरी ती फुलत नाही. ते ओलांडले की मात्र दिवसाची लांबी जातीपरत्वे ठरलेल्या मर्यादेच्या आत येताच ती वाढ आवरते आणि फुलोऱ्याच्या मागे लागते. बव्हेरियाच्या हालरटाऊ भागात जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे १६ तासांचा असतो. तेथे वेल वसंतभर निर्धास्तपणे वर चढत राहते, आडव्या फांद्या टाकते, आणि दिवस उतरणीला लागल्यावर त्या सर्व फांद्यांवर एकदम बहरते. श्रीनगरास मोठा दिवस १४ तास २५ मिनिटांच्या आसपास, म्हणून तेथे काही जाती निभावून जातात. जगातील हॉपचे बहुतेक मळे ३५ ते ५५ अंशांच्या दरम्यान का एकवटले आहेत याचा उलगडा यातच आहे. पुण्यास सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास १४ मिनिटांचा, मैलापुरास १२ तास ५३ मिनिटांचा, उटीस त्याहूनही थोडा कमी. आणि मैलापूरचा सर्वांत लहान दिवस ११ तास २२ मिनिटांचा. याचा अर्थ असा, की मैलापुरात हॉपच्या दृष्टीने बारा महिने अकाळच असतो. रोप जगेल, दोरीवर चढेल, पुरुषभर उंच होईल; बालपण संपताच फुलेल, आणि तेथेच थांबेल. ज्या वेलीने वाळलेला अर्धा ते एक किलो माल द्यावा, ती ओंजळभर शंकू देऊन मोकळी होईल.

यावर उपाय आहे आणि तो सुदैवाने साधा आहे. झाडाला दिवस भासवायला ऊन लागत नाही. संध्याकाळच्या संधिप्रकाशाहून थोडा अधिक असा मंद दिवा, तो वेलीच्या सर्वांगावर पडत असला, म्हणजे पुरे. दक्षिण आफ्रिकेतील जॉर्ज या गावाभोवतीच्या मळ्यांत, तेथील दिवसाला मानवणाऱ्या जाती पैदा होईपर्यंत, दिव्यांनीच वेळ मारून नेली. अलीकडे फ्लॉरिडा विद्यापीठाच्या विमौमा येथील केंद्रात एलईडी दिव्यांच्या साह्याने दिवस लांबवून कॅस्केड जातीची वर्षातून दोन पिके काढून दाखवली आहेत. तो प्रदेश उष्ण, दमट आणि समुद्राजवळचा असल्यामुळे मैलापूरकराने हालरटाऊपेक्षा त्याच्याकडे अधिक लक्ष द्यावे. दुसरी एक शंका अशी घेतली जाई, की कडाक्याच्या थंडीत काही आठवडे सुप्तावस्थेत घालवल्याखेरीज हॉप फुलतच नाही. मग जानेवारीतही पारा सहसा २० अंशांच्या खाली न उतरणाऱ्या शहरात त्याचे काय होणार? कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या विल्यम बाउर्ली यांनी २०१९ साली ही शंका दूर केली. थंडी आणि सुप्तावस्था यांवाचूनही, दिवसाची लांबी योग्य ठेवल्यास, हॉप फुलतो आणि चांगला फुलतो, असे त्यांनी प्रयोगाने दाखवले. या विषयावरील गेल्या दशकातले सर्वांत महत्त्वाचे काम मी हेच मानतो, कारण उष्ण कटिबंधापुढे शतकभर बंद असलेले दार त्याने किलकिले केले.

तरीही उन्हाला अगदीच क्षुल्लक लेखून चालणार नाही. ३१ मे २००३ रोजी मद्रासचा पारा ४५ अंशांवर गेला होता. मे महिन्यातल्या अग्निनक्षत्राच्या, म्हणजे कत्तिरीच्या दिवसांत गच्चीवरची फरशी पाय ठेवू देत नाही, आणि अशा वेळी पानांच्या कडा करपतात, शंकू भरत नाहीत. उष्णतेने अल्फा आम्लेही घटतात. युरोपातील हॉपसंबंधी २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २०५० पर्यंत उत्पन्न शेकडा ४ ते १८ आणि अल्फा आम्ले शेकडा २० ते ३१ इतकी कमी होतील असे अनुमान काढले आहे; जेथे युरोपातील उन्हाळाच मळेवाल्याला भेडसावू लागला, तेथे मैलापूरच्या शंकूत कडवटपणा मध्यमच उतरेल असे गृहीत धरून चालावे. सुवास मात्र मिळावा.

या सर्व विचारांतून मैलापुरापुरते जे वेळापत्रक निघते ते उत्तरेच्या पंचांगाहून सर्वस्वी भिन्न आहे. ईशान्य मोसमी पाऊस ओसरू लागला, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, वेल मुळापासून हातभर ठेवून छाटावी आणि त्याच दिवसापासून दिवे सुरू करावेत. सूर्यास्तानंतर पाच तास दिवे ठेवले म्हणजे डिसेंबर-जानेवारीतला दिवस सोळा तासांच्या वर जातो. नऊ वॅटचे चार दिवे वेलीच्या उंचीभर विभागून लावले आणि पंचाहत्तर दिवस जाळले तर एकूण खर्च साडेतेरा युनिट विजेचा; एवढ्यासाठी कोणी मागे हटू नये. फेब्रुवारीच्या अखेरीस वेल गच्चीच्या मांडवाला लागली की दिवे बंद करावेत. फुलोरा मार्चमध्ये दिसू लागेल आणि कत्तिरीचा तडाखा बसण्यापूर्वी, एप्रिलच्या अखेरीपर्यंत, शंकू उतरतील. उन्हाळ्यानंतरचे दुसरे पीक काढण्याचा मोह आवरावा असे मला वाटते, कारण ते नेमके ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात सापडते आणि ओल्या हवेत हॉपच्या पानांवर येणारा केवडा रोग चार दिवसांत वेल लोळवतो.

कुंडी म्हणून पन्नास-साठ लिटरचे पिंप हवे, तळाला भोके पाडलेले. त्यात लाल माती, मुरलेले शेणखत आणि कोकोपीट. पाणी मैलापुरात कळीचा प्रश्न आहे. समुद्राजवळच्या बऱ्याच बोअरवेलचे पाणी मचूळ असते आणि ते साठत गेले की हॉपची मुळे काळवंडतात. ज्या घरात पावसाचे पाणी टाकीत साठवले जाते तेथे तेच पाणी वेलीसाठी राखून ठेवावे. सकाळचे ऊन मिळावे, पण दुपारी दोननंतर भिंतीची सावली पडावी अशी जागा निवडावी. दोरी काथ्याची, आणि ती लूझच्या नाक्याजवळच्या कोणत्याही दुकानात मिळेल. इंग्लंड-अमेरिकेतील हॉपच्या मळ्यांत वेल ज्या दोरीवर चढते ती काथ्याचीच असते आणि तो काथ्या श्रीलंकेच्या व दक्षिण भारताच्या किनाऱ्यावरून जातो, हे समजल्यावर मला विलक्षण आनंद झाला. कोरड्या दिवसांत लाल कोळी पानांच्या मागे जाळे विणतो. रोज सकाळी पानांच्या खालच्या अंगावर पाण्याचा जोरदार फवारा मारणे हा त्यावरचा पहिला उपाय. घरी कुत्रे असेल तर शंकू, आणि विशेषतः उकळून झालेला चोथा, त्याच्या तोंडी लागणार नाही अशी व्यवस्था करावी. हॉपने कुत्र्याचे अंग तापते आणि ते दगावू शकते.

खुडण्याची वेळ ओळखणे ही या उद्योगातली खरी कसोटी. कच्चा शंकू दाबला की ओलसर, लिबलिबीत लागतो आणि दाबलेलाच राहतो. पिकलेला दाबला की कागदासारखा कुरकुरतो आणि सोडताच पूर्ववत होतो. आतली भुकटी फिकट पिवळ्याची गडद पिवळी होते, पापुद्र्यांची टोके किंचित तपकिरी पडतात. ज्याला डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नसेल त्याने शंभर ग्रॅम ताजे शंकू पूर्ण वाळवून तोलावेत. वजन बावीस-तेवीस ग्रॅम भरले की समजावे, वेळ झाली. त्याहून कमी भरल्यास काही दिवस थांबावे. खुडल्यानंतर वाळवण्यास उशीर करू नये, आणि येथे मैलापूरच्या गृहिणीला आपली जुनी सवय बाजूस ठेवावी लागेल, कारण वडाम आणि अप्पळम ज्या माडीवर उन्हात वाळतात तेथे हॉप वाळत घातला तर प्रकाशाने त्याचा रंग उडतो आणि वास बिघडतो. तो सावलीत, जाळीच्या चाळणीवर पातळ पसरून, खालून पंख्याचा वारा देऊन वाळवावा. हवेतला दमटपणा पंख्याला दाद देत नसेल तर फळे वाळवण्याच्या विजेच्या यंत्रात, पन्नास-पंचावन्न अंशांच्या वर जाऊ न देता. मधला दांडा वाकण्याऐवजी कट्‌कन मोडला म्हणजे ओलावा शेकडा दहाच्या खाली आला. मग हवा काढलेल्या पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवावा, कारण उष्णता, उजेड आणि प्राणवायू हे तिघेही लुप्युलिनचे वैरी आहेत.

राहता राहिला बिअर करण्याचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर सरळ आहे. मद्रास इलाख्यात राजगोपालाचारींच्या मंत्रिमंडळाने १९३७ साली दारूबंदीचा कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९३७ रोजी सेलम जिल्ह्यापासून तिचा अंमल सुरू झाला. अबकारी उत्पन्नाची जी खोट आली ती भरून काढण्यासाठी १९३९ मध्ये विक्रीकर बसवावा लागला. १९४८ पर्यंत सबंध इलाखा या कायद्याखाली आला. १९७१ मध्ये बंदी उठली, पुन्हा बसली, पुन्हा सैल झाली. १९८३ साली टासमॅक हे सरकारी महामंडळ निघाले आणि २००३ पासून किरकोळ विक्रीही त्याच्याच हाती गेली. परंतु १९३७ चा मूळ कायदा आजही जिवंत आहे, आणि परवान्याविना मद्य तयार करणे हा त्याखाली गुन्हा आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्यान्वये स्थिती तत्त्वतः अशीच. इंग्लंडने १९६३ मध्ये घरगुती बिअरवरील परवान्याची अट काढून टाकली आणि अमेरिकेने १९७९ पासून ठराविक प्रमाणापर्यंत मुभा दिली, म्हणून तिकडच्या पुस्तकांत हॉपच्या लागवडीचे प्रकरण संपते तेथेच बिअरचे सुरू होते. मैलापुरात या दोन प्रकरणांमध्ये कायद्याची भिंत आहे आणि ती मी पाळतो. लहान प्रमाणावर, स्वतःच्या घरापुरत्या बिअरला या देशात परवाना मिळावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ज्याला जव भिजवण्यापासून हॉप खुडण्यापर्यंतची मेहनत ठाऊक आहे तो माणूस बेतानेच पितो. परंतु मत हे मत, आणि कायदा हा कायदा.

कायद्याचा रोख मद्यावर आहे, वेलीवर नाही. वाळलेले चार-पाच शंकू उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवून, मध घालून केलेला कडवट काढा रात्री घेण्याची युरोपात जुनी प्रथा आहे. हॉप घातलेले थंड, निर्मद्य पाणी अलीकडे बाटल्यांतून विकले जाते. छाटणीत निघणारे कोवळे कोंब वाफवून, खोबरे घालून परतले तर मैलापूरच्या पोरियलमध्ये ते सहज सामावतील. रोपे मिळवताना मात्र दक्षता हवी. परदेशातून मुळांचे तुकडे टपालाने मागवू नयेत. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशान्वये त्यासाठी आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि ही अट रास्तच आहे. लाहौलकडील मादी वेलींची मुळे धरलेली छाट कलमे मिळवणे हाच सरळ मार्ग.

आणि मग एक प्रयोग व्हावा. एकाच मादी वेलीची दोन कलमे, एकाच मातीची दोन पिंपे, एकाच गच्चीवर पण मध्ये पडदा. एकीवर दिवे, दुसरीवर नाहीत. पहिले फूल दिसले त्या दिवशी प्रत्येक वेलीला किती पेरे होती, उंची किती, वाळलेला माल किती ग्रॅम, एवढ्याच तीन नोंदी. असाच जोड प्रयोग उटीच्या सरकारी उद्यानात आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात त्याच वर्षी झाला, तर थंडीचा वाटा किती आणि दिवसाच्या लांबीचा किती हे आकड्यांनी वेगळे काढता येईल. आणि दिव्याखालची उटीची वेल मैलापूरच्या वेलीहून किती जास्त माल देते, यावरून नीलगिरीत हॉपचा मळा घालावा की नाही याचाही निर्णय करता येईल.